चिरंजीवांची शिकार आणि बाबांची थ्री-नॉट-थ्री

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, वय ६८. कॉलेजात असताना एनसीसीत होतो. कॅम्पात थ्री-नॉट-थ्री चालवली आहे आणि ग्रुपिंगला, म्हणजे गोळ्या एकाच जागी जवळजवळ मारण्याला, बक्षीसही मिळालं होतं. मुलगा अमेरिकेत पिट्सबर्गजवळ असतो, गेल्या वर्षी त्याला ग्रीन कार्ड मिळालं. त्याच्या ऑफिसातली मंडळी नोव्हेंबरअखेरीस हरणाच्या शिकारीला जातात, यंदा त्यालाही नेणार आहेत. तिथल्या एका रायफल क्लबचा तो सभासदही झाला आहे. शिकार आणि टार्गेट या दोन्हींसाठी मिळून एकच जुनी लष्करी रायफल घ्यायची असं त्याच्या मनात आहे. मोसिन-नागांत सर्वांत स्वस्त पडते असं तो म्हणतो. त्याचा मित्र म्हणतो, घ्यायची तर अमेरिकन गॅरंड घे. माझं मत अर्थातच ली-एनफिल्ड. आमच्या सौ.चं म्हणणं, घरात बंदूकच नको, नात चार वर्षांची आहे. मी ऑक्टोबरपासून चार महिने तिकडे जातो आहे, मीही दोन गोळ्या झाडीन म्हणतो. आणखी एक विचारायचं आहे. मुलगा पुढेमागे परत आला, तर ही रायफल पुण्याला आणता येईल का?
– एक जुना कॅडेट

उत्तर :

कॅडेटसाहेब,

तुमच्या पत्रात रायफलींबद्दल पुष्कळ आहे, काडतुसांबद्दल मात्र एक ओळही नाही. माझी नोकरी काडतुसं तपासण्यात गेली, त्यामुळे मला हेच आधी खटकलं. रायफल एकदा घेतली की झालं, काडतुसं आयुष्यभर घेत राहावी लागतात. क्लबवर एका सकाळी चाळीस-पन्नास सहज उडतात. त्यामुळे कुठली रायफल हे ठरवण्याआधी तिचं काडतूस जवळच्या दुकानात मिळतं का, शिकारीच्या गोळीसह मिळतं का आणि त्याचा धक्का मुलाच्या खांद्याला सोसवतो का, एवढं बघायला सांगा.

शिकारीची गोळी वेगळी असते, हे एनसीसीत आपल्याला कुणी सांगत नाही. आपण झाडली ती लष्करी गोळी, सगळीकडून धातूच्या आवरणात बंद. ती हरणातून आरपार जाते. हरीण जखमी होऊन पळतं आणि रात्रभर झाडीत तडफडून मरतं. शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं असतं. ती आत शिरल्यावर फुलते आणि जनावर लवकर पडतं. पेनसिल्वेनियात हरणासाठी अशी फुलणारी गोळीच वापरावी लागते. म्हणजे जुन्या लष्करी काडतुसांच्या स्वस्त पेट्या क्लबवर चालतील, रानात नाही. त्यात दोन्ही काडतुसं एकाच जागी लागतील असंही नाही. एकाच रायफलीतून १०० यार्डांवर लष्करी गोळी आणि शिकारीची गोळी यांच्यात काही इंचांचा फरक पडू शकतो. साइट शिकारीच्या काडतुसावर लावून घ्यावी आणि टार्गेटला तो फरक लक्षात ठेवून नेम धरावा. उलटं करू नये.

आता तुमच्या तीन नावांकडे येतो. गॅरंडचा निकाल लगेच लागतो. रायफल म्हणून ती उत्तमच आहे. आठ काडतुसांची क्लिप, डोळ्याजवळची गोल पीप साइट, शिवाय तिचं .३०-०६ काडतूस अमेरिकेतल्या कुठल्याही गावात मिळतं. पण ती अर्धस्वयंचलित आहे, म्हणजे एक गोळी झाडली की पुढचं काडतूस आपोआप चढतं. पेनसिल्वेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही, दर वेळी हाताने काडतूस चढवायची रायफलच लागते. मित्र बहुधा दुसऱ्या राज्यात वाढला असावा. शिवाय सरकारी साठ्यातल्या गॅरंड विकणारी सीएमपी ही संस्था फक्त नागरिकांना रायफल देते, ग्रीन कार्डवाल्याला नाही. दुकानातून घेता येईल, पण वजनदार बुलेटची आणि सावकाश जळणाऱ्या दारूची आजची शिकारी काडतुसं तिच्यात घातली तर वायूच्या दाबाने तिचा ऑपरेटिंग रॉड वाकण्याची भीती असते. क्लबवरच्या स्पर्धांसाठी नागरिकत्व मिळाल्यावर जरूर घ्यावी. आत्ता नको.

मोसिन-नागांतबद्दल तुमच्या मुलाला कुणीतरी जुनी बातमी दिली आहे. एके काळी तिकडच्या दुकानांत ती ग्रीसमध्ये माखलेली, खोक्यांनी यायची आणि शंभर डॉलरच्या आत मिळायची. तो माल संपला. रशियातून येणं बंद झालं आणि आता तिची किंमत बऱ्यापैकी चढली आहे. स्वस्त हाच तिचा मोठा गुण होता. बाकी ही १८९१ सालची रचना. सोविएत कारखान्यांनी युद्धकाळात घाईघाईने कोट्यवधी बनवल्या. त्यामुळे एखादी छान निघते आणि तिच्याच शेजारची भिंतीलाही लागत नाही. तिची साइट संगीन लावलेल्या अवस्थेत जुळवलेली असते. संगीन काढली की गोळी भलतीकडे जाते आणि नवशिक्या आपल्याच नेमाला दोष देत बसतो. सेफ्टी लावायला मागचा खुंटा जोर लावून ओढून फिरवावा लागतो. नोव्हेंबरअखेरीस पिट्सबर्गच्या थंडीत हातमोजे घालून हे करून बघायला सांगा. सेफ्टी लावायचा कंटाळा आला की माणूस ती न लावताच चालायला लागतो. एवढ्या एका कारणासाठी मी ती नवशिक्याच्या हातात रानात देणार नाही. फिनलंडने तीच रचना घेऊन एम-३९ नावाची सुरेख रायफल बनवली, पण तिचा भाव ऐकून चिरंजीव स्वस्ताईचा विषयच काढणार नाहीत.

राहिली तुमची थ्री-नॉट-थ्री. इथे जरा बसून बोलू, कारण तुमचं मन तिच्यात आहे आणि माझंही थोडं आहे. २००८ मध्ये सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. सव्वाशे वर्षं चाललेली ही रचना आहे. तुम्ही कॅम्पात चालवली ती बहुधा इशापूरची नंबर वन मार्क थ्री असणार, नळी नाकापर्यंत लाकडात झाकलेली. तिची मागची साइट नळीवर, डोळ्यापासून बरीच पुढे आणि खाचेची असते. चिरंजीवांसाठी ती घेऊ नका. नंबर फोर घ्या. तिची मागची साइट डोळ्याजवळ, बारीक भोकाची असते. भोकातून बघायचं, माशी, म्हणजे पुढची साइट, मधोमध ठेवायची, बस. विशीत खाच, माशी आणि टार्गेट तिन्ही एकदम स्वच्छ दिसतात. साठी उलटली की त्यातलं एक धूसर होतंच. तुमच्या डोळ्यांना हा फरक पहिल्याच फैरीला कळेल. चांगल्या नंबर फोरची साइट २०० पासून १३०० यार्डांपर्यंत टिकटिक करत स्क्रूने चढवता येते. युद्धकाळात घाईत बनलेल्यांवर मात्र ३०० आणि ६०० यार्डांची साधी पलटणारी पट्टी असते. टार्गेटसाठी पहिलीच बघावी. पट्टी आढळली तर साइट बदलून मिळते.

नंबर फोर इंग्लंडात, कॅनडात लाँग ब्रांचला आणि अमेरिकेत सॅव्हेजच्या कारखान्यात बनली. सॅव्हेजवाल्या 'यूएस प्रॉपर्टी' असा ठसा घेऊन ब्रिटनला उधारीवर गेल्या आणि युद्धानंतर विकल्या जाऊन फिरून अमेरिकेत आल्या. लाँग ब्रांचच्या कामाला जाणकार जास्त मान देतात. मीही देईन, पण ठशासाठी जास्त पैसे देणार नाही. नळीसाठी देईन. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे आटे असतात. काही नळ्यांत आट्यांच्या दोनच चऱ्या असतात, काहींत पाच. दोन दिसल्या म्हणून रायफल टाकून देऊ नका, त्याही नीट नेम मारतात.

एक गोष्ट पुण्यातून जाणाऱ्या बापाने मुद्दाम बघावी, ती म्हणजे दस्ता. नंबर फोरचे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे यायचे. अंगठ्यामागे लाकडात एस, एन किंवा एल असं ठोकलेलं असतं, म्हणजे आखूड, मध्यम आणि लांब. इंग्रज शिपायाच्या हाताला बसवलेला लांब दस्ता आपल्या मध्यम बांध्याच्या मुलाने, तोही हिवाळ्यातल्या जाड जाकिटावरून खांद्याला लावला की गाल साइटपर्यंत पोचत नाही. मग मान ताणायची, मग धक्का हनुवटीला. आखूड दस्ता बदलून घेणं अगदी किरकोळ काम आहे.

तिचं काडतूस ७.७ मिलिमीटरचं आहे. १७४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लष्करी गोळी सेकंदाला सुमारे २४४० फुटांनी निघते. शिकारीची १५० किंवा १८० ग्रेनची मऊ टोकाची गोळी पेनसिल्वेनियातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरून उरते. तिथल्या दाट रानात नेम बहुतेक वेळा १०० यार्डांच्या आतच धरावा लागतो. त्याच्यापलीकडे उघड्या साइटवर नवशिक्याने हरणावर गोळी सोडूच नये, मग रायफल कुठलीही असो. अडचण वेगळीकडे आहे. .३०३ ची काडतुसं .३०-०६ सारखी प्रत्येक दुकानात नसतात, महाग असतात आणि मधूनमधून बाजारातून गायबच होतात. मुलगा पुढे घरीच काडतुसं भरायला लागला तर आणखी एक त्रास होतो. या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा, मागच्या बाजूला अडकतो आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, सैल असते. म्हणून काडतुसाच्या पितळी केस (रिकामी टरफलं) ताणल्या जातात आणि फार वेळा भरता येत नाहीत. फक्त केसची मान आवळून भरल्या तर जरा जास्त टिकतात. आणि मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे बसायला हवी, नाहीतर बोल्ट अडतो. ते तुमच्या हातांना आठवत असेल.

एवढं सगळं तिच्या बाजूने सांगितल्यावर एक विचारतो. मुलाला ली-एनफिल्ड हवी आहे असं तुमच्या पत्रात कुठे आहे? मी दोनदा वाचलं. त्याला स्वस्त हवी आहे, मित्राला अमेरिकन हवी आहे आणि थ्री-नॉट-थ्री तुम्हाला हवी आहे. यात गैर काही नाही. पण दर शनिवारी ती खांद्याला लावणार तो आहे. त्याने क्लबात विचारावं. जुन्या रायफलींचे शौकीन अशा क्लबांत हमखास असतात आणि नवख्याला आपली रायफल झाडून बघायला देण्यात त्यांना कोण आनंद होतो! तीन-चार रायफली झाडून मग त्याने ठरवावं. तुम्ही ऑक्टोबरमध्ये पोचेपर्यंत त्याला घाई करू नका, आणि पोचल्यावरही नका.

मला विचाराल तर त्याने स्वीडिश मॉझर झाडून बघावी. तिचं नाव तुमच्या यादीत नाही याचंच मला नवल वाटलं. काडतूस ६.५×५५, स्वीडन आणि नॉर्वेने मिळून १८९४ साली ठरवलेलं. बारीक, लांब गोळी, मऊ धक्का आणि नेम असा की स्कँडिनेव्हियात आजही लोक यानेच टार्गेट फोडतात आणि यानेच मूस मारतात. मूस म्हणजे घोड्याएवढं जनावर, पेनसिल्वेनियातलं हरीण त्यापुढे शेळी. शिकारीच्या गोळीसह काडतुसं अमेरिकेत मिळतात. जुन्या रायफलींचा विचार करून अमेरिकन कंपन्या ती जरा हलकीच भरतात, ते आपल्या फायद्याचं. नळी लांब हवी तर एम-९६, रानात आटोपशीर हवी तर २४ इंची एम-३८. शिकार आणि टार्गेट मिळून एकच रायफल असं म्हणाल तर माझं मत एम-३८ ला. पुष्कळ रायफलींच्या दस्त्यावर पितळी चकती असते आणि स्वीडिश आर्मररने तपासलेली नळीची अवस्था तिच्यावर खुणेने नोंदलेली असते. अशी नोंद ठेवणारं सैन्य मला मनापासून आवडतं. तरी चकती दहावीस वर्षं नव्हे, अनेक दशकं जुनी आणि दस्ता बदललेला असू शकतो. नळीत स्वतः बघायचंच.

स्विस के-३१ ही टार्गेटवाल्यांची लाडकी. बोल्ट सरळ मागे ओढायचा, सरळ पुढे ढकलायचा. दस्त्याच्या टोकाच्या धातूच्या पट्टीखाली कधी कधी जुन्या शिपायाच्या नावाची चिठ्ठी सापडते. कारागिरी बघत बसावी अशी. पण तिच्या ७.५×५५ काडतुसाची शिकारीची गोळी शोधत फिरावं लागेल. जर्मन के-९८ मॉझर ही अर्ध्या जगाच्या शिकारी रायफलींची आई आहे. पण अस्सल, जुळत्या नंबरांची असेल तर ती संग्राहकाने कपाटात ठेवायची वस्तू. युगोस्लाव्ह एम-४८ तशीच दणकट आणि आवाक्यातली. मागची साइट मात्र बारीक खाचेची, ती तुमच्या डोळ्यांना जमणार नाही.

अजून एक वाट आहे, शौकीन लोक तिला नाकं मुरडतात. गेल्या शतकात अमेरिकेत हजारो मॉझर, एनफिल्ड आणि स्प्रिंगफिल्ड कुणी ना कुणी घरीच कापल्या. पुढचं लाकूड छाटलं, नळी आखूड केली, दुर्बिणीसाठी भोकं पाडली. संग्राहकाच्या दृष्टीने त्या बाद, म्हणून भाव पडलेला असतो. हरणासाठी याहून व्यवहारी सौदा नाही. वजन कमी, दुर्बीण बसलेली आणि भोक पाडल्याचं पाप दुसऱ्याच्या माथी. फक्त चिरंजीवांना सांगा, धडधाकट, अस्सल रायफल घेऊन तिच्यावर असा प्रयोग करायचा नाही. एकदा छाटलेलं लाकूड परत येत नाही, किंमतही येत नाही. छाटलेलीच हवी असेल तर छाटलेली विकत घ्यावी.

आता निवड झाली असं समजू. दुकानात नाव, देश, वर्ष, कारखाना यांपेक्षा नळी मोठी. बोल्ट काढून उजेडाकडे धरून नळीतून बघायचं. आटे धारदार आणि आत चकचकीत हवं. काळपट छटा चालेल, खड्डे नकोत. नळीच्या तोंडाची कडा नीट बघावी, कारण कित्येक वर्षं नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी तिरकी ओढल्याने ती झिजते आणि नेम तिथेच बिघडतो. काडतुसाची गोळी तोंडात अलगद टेकवून किती आत जाते ते बघतात. जवळजवळ सगळीच आत गेली तर रायफल परत द्यायची. मोसिनमध्ये तर तोंडाशी काही भाग मोठा करून घेतलेला असतो, तो गोळी टेकवून कळत नाही, डोळ्यांनीच शोधावा लागतो. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर एकच असावा. नसला तर गनस्मिथकडून गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही. नंबर फोरमध्ये हेडस्पेस सुधारायला बोल्टच्या पुढे ० ते ३ अशा आकड्यांची डोकी बदलता येतात, तेव्हा थोडा फरक निघाला तर घाबरू नका.

डीपीचा (ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी) ठसा तुम्हाला सांगायला नको. परेडला ज्या लाकडी खांबासारख्या वागवायचो, त्या रायफलींवर तो असायचा. अमेरिकेतल्या दुकानांतही डीपी ठोकलेल्या एनफिल्ड येतात आणि कधी कधी त्यांच्या दस्त्यावरचा ठसा घासून काढलेला असतो. धातूवरही शोधा. सापडला तर भिंतीवर टांगायला घ्या, झाडायला नाही. इशापूरची टू-ए-वन कुठे दिसली तर मन विरघळेल, मला माहीत आहे. १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ नाटो काडतुसासाठी नव्याने बनवलेली ती. आवडली तर घ्यावी, पण दुकानात .३०८ लिहिलेलं मिळेल ते काडतूस तिच्यात घालण्याआधी गनस्मिथला दाखवावी.

जुनी लष्करी काडतुसं वापरणार असाल तर साफसफाईची तुमची जुनी सवय कामाला येईल. त्यांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, बहुधा पोटॅशियम क्लोरेट असतं. फैर झडली की नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि दोन दिवसांत गंज धरतो. तेलाने हा क्षार जात नाही, पाण्यानेच जातो. चेंबरकडून उकळतं पाणी ओतायचं, चिंदीने कोरडं करायचं, मग तेल. नवी काडतुसं असतील तर याची गरज नाही. चिरंजीव आळशी असतील तर त्यांना नवीच घ्यायला लावा.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. चार वर्षांच्या मुलाला कुठल्या कपाटात काय असतं ते घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. भिंतीला पक्कं केलेलं पोलादी कपाट, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या जागी. बोल्ट नसलेली रायफल म्हणजे जड काठी. ही तिन्ही कुलपं रायफलीच्या आधी घरात यायला हवीत. कपाट येईपर्यंत रायफल येणार नाही, असं वहिनींनी फोनवर सुनेशी ठरवून टाकावं. अशा वेळी सुनेचा शब्द मुलाच्या शब्दापेक्षा भरवशाचा.

तुमच्या दोन गोळ्यांचं प्रकरण मात्र गंमतीवारी नेऊ नका. मुलगा ग्रीन कार्डवर आहे, तो दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून आणि तपासणी होऊन रायफल घेऊ शकतो. तुम्ही जाल पर्यटक व्हिसावर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे, मुलाची असली तरी आणि क्लबवर असली तरी. एच-वन-बीवरच्या आपल्या मुलांनाही हेच लागू आहे आणि कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. त्यात एक सूट आहे. कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर चालतं. म्हणून तुम्हीही आधी शिकाऱ्यांचा सुरक्षा कोर्स करा आणि बाहेरच्यांसाठी असलेला पेनसिल्वेनियाचा परवाना काढा. कोर्स मुलालाही करावाच लागेल, दोघे एकत्रच करा. हरणाचा रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. म्हणजे तुम्ही पोचल्यावर हातात दीड-दोन महिने आहेत. रानात डोकं, छाती आणि पाठ झाकेल असं भडक नारिंगी घालावं लागतं. ते घालायला लाजू नका, तिथे तेच तुमचं चिलखत. बाकी बारीक नियम गेम कमिशनच्या, म्हणजे तिथल्या शिकार खात्याच्या, त्या वर्षीच्या पुस्तिकेत असतात, ती मुलाने वाचावी, मित्राच्या तोंडून ऐकू नये.

पुण्याला आणण्याचा विचार सोडून द्या. आपल्या शस्त्र नियमांत .३०३ आणि ७.६२ ची लष्करी काडतुसं घेणाऱ्या रायफली वेगळ्या, वरच्या गटात आहेत. पोलीस आयुक्तालयातून मिळणारा नेहमीचा परवाना त्यांना चालत नाही, केंद्र सरकारची मंजुरी लागते आणि ती तुमच्या-माझ्यासारख्याच्या शौकासाठी मिळत नाही. इंग्रजांच्या काळी .३०३ च्याच रायफली बदलून पहारेकऱ्यांसाठी ज्या .४१० मस्केट केल्या, त्यासुद्धा याच गटात. आणि आणून करणार काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. मुळशी-भोरकडे रानडुकरं भात लोळवतात हे खरं, पण त्यांच्यावरही वनखात्याच्या परवानगीशिवाय कुणाला बंदूक उचलता येत नाही.

नेमाची हौस भागवायची तर बालेवाडी आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सभासद होऊन तिथल्याच .२२ किंवा एअर रायफलीवर सराव करता येतो. तुम्ही जायच्या आधीच सुरुवात करा. देशातल्या रायफल संघटनेचे १९५१ मधले पहिले अध्यक्ष आपले दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानतात. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं तेही .२२ वरच, ५० मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये. बालेवाडीत दोन महिने पडून नेम धरलात तर क्लबवर मुलासमोर हात थरथरणार नाहीत.

शेवटचं, परतीच्या प्रवासाचं. रेंजवर घातलेलं जाकीट आणि नेलेली सॅक विमानात नेऊ नका, तिकडेच ठेवून या. न्यायचीच असेल तर प्रत्येक खिसा उलटा करून, अस्तरात हात घालून तपासा. विसरलेलं एक जिवंत काडतूस लोहगावला मशीनमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि 'मुलाच्या क्लबवरचं आहे हो' हे तिथे सांगून सुटका होत नाही. रिकाम्या केसही आठवण म्हणून आणू नका.